बांधकाम मजुरांच्या सोयी : दान नव्हे, हक्क

इमारत पुरी झाली म्हणजे तिच्या दारावर मालकाच्या नावाची पाटी लागते. आराखडा काढणाऱ्याचे नाव लागते. उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याचे नाव तर संगमरवरात कोरले जाते. ज्यांनी तिच्या विटा डोक्यावरून चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत वाहिल्या, त्यांचे नाव कोठेच लागत नाही. नाव लागले नाही म्हणून आम्ही दुःख करीत बसणार नाही. आमचा प्रश्न त्याहून पुष्कळ साधा आहे. ती इमारत उभी राहात होती त्या दोन-तीन वर्षांत त्या मजुरांना प्यावयास स्वच्छ पाणी होते काय? त्यांच्या स्त्रियांना आडोसा होता काय? त्यांची तान्ही मुले दिवसभर कोठे होती? रात्री त्यांच्या डोक्यावर कोणते छप्पर होते? या चार प्रश्नांचे उत्तर ज्या इमारतीस देता येत नाही, ती इमारत कितीही देखणी असली तरी ती अन्यायाच्या पायावर उभी आहे, असेच म्हणणे आम्हांस भाग आहे.

हा प्रश्न बौद्धांच्या पाक्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. गावात ज्यांच्या नावे जमीन नव्हती, गावकीची कामे ज्यांनी स्वाभिमानाने सोडली, त्यांनी शहराची वाट धरली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास जे हात गेले, त्यांपैकी कितीतरी पुन्हा गावाकडे परतलेच नाहीत. ते नाक्यावर उभे राहिले. बिगारी झाले, सेंट्रिंगवाले झाले, थोडे गवंडी झाले. आज त्याच घरांतील मुले अभियंते आहेत, पोटठेकेदार आहेत, कोणी नव्या इमारतीत घर घेणारेही आहेत. म्हणजे हा प्रश्न आमच्या घरात तीन दारांनी शिरला आहे : मजूर म्हणून, मजुरांकडून काम घेणारे म्हणून आणि त्यांच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या घरात राहणारे म्हणून. ज्या नवदीक्षित कुटुंबांनी जुने देव्हारे रिकामे करून तेथे तथागताची व बाबासाहेबांची तसबीर लावली, त्यांनी या तिन्ही दारांशी उभे राहून स्वतःला जाब विचारला पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण आमचा मजूर कायद्याला अपरिचित राहावा यातच अनेकांचे हित आहे. १९९६ साली संसदेने इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. दहा किंवा अधिक मजूर असलेल्या कामास तो लागू होता. पिण्याचे पाणी सोयीच्या जागी ठेवावे, त्या जागी बहुसंख्य मजुरांना समजेल अशा भाषेत तशी पाटी लावावी, आणि ती जागा संडास, मुतारी व धुण्याच्या जागेपासून सहा मीटरच्या आत नसावी, इतक्या बारकाव्याने तो कायदा बोलत होता. संडास व मुताऱ्या असाव्यात. मजुरांना कामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ राहावयास तात्पुरती घरे विनामूल्य द्यावीत. त्या घरांस स्वयंपाकाची, स्नानाची व शौचाची वेगळी सोय असावी. पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे. अडीचशे मजूर असतील तेथे उपाहारगृह असावे, असा तो हुकूम होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला. तो एक टक्का दराने वसूल झाला व त्यातून मजुरांचा कल्याणनिधी उभा राहिला.

कायदा झाला, परंतु कागदावरचा हुकूम विटांच्या ढिगापर्यंत पोहोचण्यास किती वर्षे लागावीत? ज्या महाराष्ट्रास आपण पुरोगामी म्हणवून घेतो, त्या महाराष्ट्राचे नियम २००७ साली झाले, आणि कल्याणकारी मंडळ स्थापन झाले ते २०११ साली. कायदा झाल्यापासून पंधरा वर्षे! या पंधरा वर्षांत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांत किती मजले चढले त्याची गणती नाही. मजले चढण्यास नियमांची वाट पाहावी लागली नाही. ती मजुरालाच पाहावी लागली.

आणि पैसा? १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मदन लोकूर व न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी जो निकाल दिला, त्यात या पैशाची हकीकत आली आहे. साऱ्या देशात मजुरांच्या नावाने ३७,४०० कोटींहून अधिक रुपये गोळा झाले होते. त्यांतील सुमारे ९,५०० कोटीच खर्ची पडले होते. बाकीचे हजारो कोटी रुपये पडून राहिले. जे खर्च झाले त्यांतूनही लॅपटॉप व कपडे धुण्याची यंत्रे विकत घेतली गेल्याचे न्यायालयापुढे आले. ज्या बाईला सिमेंटने माखलेले हात धुवावयास एक बादली पाणी मिळत नाही, तिच्या नावच्या पैशातून धुण्याची यंत्रे! या एका गोष्टीवर अधिक टीका करण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

आता या कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. बांधकाम मजुरांच्या सोयींचा भाग सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत गेला आणि उपकर व कल्याणनिधीचा भाग सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. न्यायाने बोलावयाचे तर या संहितेत काही गोष्टी पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत. उपाहारगृहाची मर्यादा शंभर मजुरांवर आली आहे. पाळणाघरासाठी पन्नासांहून अधिक स्त्रियाच हव्यात अशी अट राहिली नाही. पन्नासांहून अधिक मजूर असले तरी पुरे. पुरुष, स्त्रिया व तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र शौचालयांचा उल्लेख आहे. परंतु जुन्या कायद्याच्या अंगातच जे स्पष्ट हुकूम होते, ते आता बहुतांशी सरकारने करावयाच्या नियमांवर सोपविले गेले आहेत. राहण्याच्या तात्पुरत्या घरांविषयी सरकार नियम करू शकेल, अशी भाषा आहे. ‘मालकाने दिलेच पाहिजे’ आणि ‘सरकार नियम करू शकेल’ यांत किती अंतर आहे, ते ज्याने पावसाळ्यात पत्र्याखाली रात्र काढली आहे त्याला विचारा! शिवाय निरीक्षकाला आता ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ म्हणावयाचे आहे. सुविधा कोणाची करावयाची, ठेकेदाराची की मजुराची, हे त्या पदनामावरून कळत नाही. म्हणून आमच्यातील शिकलेल्या तरुणांनी संहिता वाचावी, तिचे नियम वाचावेत, आणि जेथे हक्काची जागा मेहेरबानीने घेतली आहे तेथे बोट ठेवावे.

छप्पर नसणे म्हणजे केवळ गैरसोय असे ज्यांना वाटते, त्यांनी पुण्याच्या कोंढव्याची आठवण करावी. २९ जून २०१९ च्या पहाटे तेथे एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा माणसे झोपेत गाडली जाऊन मरण पावली. त्यांत लहान मुलेही होती. बहुतेक माणसे बिहारातून पोटासाठी आलेली. मजुरांनी कोठे राहावे याचा विचार कोणीतरी गंभीरपणे केला असता तर भिंतीच्या पायथ्याशी पत्रे ठोकले गेले नसते. ते मृत्यू पावसाने झाले असे म्हणणे सोपे आहे. पाऊस दरसाल येतो. त्या भिंतीखाली माणसांना झोपवतो तो पाऊस नव्हे.

आता ठेकेदारांची व त्यांच्या कैवाऱ्यांची जी ठरावीक उत्तरे आहेत, त्यांचा एकेक समाचार घेऊ.

ते म्हणतात, बांधकाम हे तात्पुरते. आज येथे, उद्या तेथे. तात्पुरत्या कामासाठी संडास आणि पाळणाघरे कशी बांधावयाची? आम्ही विचारतो, गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी जे नमुन्याचे घर बांधता, तेही तात्पुरतेच असते ना? इमारतीचा पाया भरण्यापूर्वी ते उभे राहते. त्याला गालिचा असतो, थंड हवेचे यंत्र असते, चकचकीत संडास असतो, आणि काम संपले म्हणजे ते पाडले जाते. गिऱ्हाइकासाठी तात्पुरते वैभव उभे करता येते. मजुरासाठी मात्र तात्पुरत्या चार भिंती उभ्या करता येत नाहीत. तेव्हा अडचण काळाची नाही, नियतीची आहे.

ते म्हणतात, खर्च वाढतो. एक कोटी रुपयांच्या बांधकामावर एक टक्का उपकर म्हणजे एक लाख रुपये. त्या कोटीतच दारावरची शोभेची कमान असते, भूमिपूजनाचा मांडव असतो, जाहिरातीचे फलक असतात. यांपैकी कशाचाही खर्च कोणाला डोईजड वाटत नाही. पाण्याचे एक झाकलेले पिंप आणि दोन संडास म्हटले की मात्र हिशेबाची वही बाहेर येते.

ते म्हणतात, मजूर स्वतः तर काही मागत नाही. कसा मागेल? त्याचे नाव हजेरीपटावर नाही. मुकादमाने आणले म्हणून तो आला. उद्या मुकादमाने मान फिरविली की तो पुन्हा नाक्यावर. मंडळाकडे नोंद करावयाची तर गेल्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. आज एका ठेकेदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला तो दाखला कोण देणार? ज्याचा शब्द उच्चारताच भाकरी जाते, त्याच्या मौनाला संमती म्हणणे ही लबाडी आहे.

आणि शेवटी ते म्हणतात, या लोकांना सवयच असते. या उत्तरापाशी आम्ही थांबतो. कारण हे उत्तर आमच्या ओळखीचे आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले त्यापूर्वी आमच्याविषयीही हेच म्हटले जात होते. यांना वेगळ्या पाण्याची सवय आहे, गावाबाहेर राहण्याची सवय आहे, उरलेसुरले खाण्याची सवय आहे! जुलमाला सवय हे नाव देणे ही मनुवृत्तीची फार जुनी युक्ती होय. आज बांधकामावर जातीचे नाव कोणी मोठ्याने घेत नाही. परंतु विटा कालविलेल्या चुन्यासिमेंटच्या पाण्याचेच पिंप मजुरांना प्यावयास दाखविले जाते आणि साहेबांसाठी बाटलीबंद पाणी येते, तेव्हा चवदार तळ्याचा प्रश्न अजून मिटलेला नाही हे ओळखावे. आणि या पिंपाभोवती जमलेले लोक कोण आहेत? आमचे बांधव आहेत, आदिवासी आहेत, भटके आहेत, मुसलमान आहेत, बिहार-ओरिसाकडील भूमिहीन आहेत. डोक्यावर घमेले कोणाच्या आणि हातात आराखडा कोणाच्या, याची वाटणी जन्माआधीच झालेली असते.

यात सर्वांत जड ओझे स्त्रीचे. ती वर्षानुवर्षे घमेले वाहते. पण थापी तिच्या हाती सहसा येत नाही. नवरा बिगारीचा गवंडी होतो, ती बिगारीच राहते. आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही; उन्हात काम करून लघवी रोखून धरते; मग मूत्रमार्गाची दुखणी तिच्या मागे लागतात. पाळीच्या दिवसांत तिचे काय होत असेल याची चौकशी करण्याचे सौजन्य कोणाला आहे? ओल्या सिमेंटने हातापायांची कातडी सोलते. म्हणून धुण्याचे पाणी ही तिची चैन नव्हे, औषध आहे. तिचे मूल वाळूच्या ढिगावर वाढते. एक काम संपले की घर मोडते, आणि घर मोडले की मुलाची शाळा मोडते. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी एका तंबूत पाळणाघर सुरू केले. जे एका बाईला तंबूत करता आले, ते कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्यांना पक्क्या भिंतीत करता येत नाही, हे कोण मान्य करील?

परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न कधी दुय्यम मानला नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बजावले. दोन शत्रू! आम्ही कित्येकदा एकाचेच नाव घेतो आणि दुसऱ्याच्या मांडवात जेवावयास जातो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले व मजुरांची घरे त्यांनी पाहिली. १९४४ साली कोळसा खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून जाणाऱ्या कोळशावर कर बसवावा आणि त्या पैशातून खाणकामगारांना घरे, पाणी, दवाखाने व स्वच्छता यांची सोय करावी, हे त्याचे तत्त्व. ज्या मालाला मजुराचा घाम लागला त्या मालानेच मजुराच्या सोयीचा भार उचलावा, या तत्त्वावरच पुढे बांधकामाचा उपकर उभा राहिला. म्हणून उपकर चुकविणारा ठेकेदार सरकारला फसवितो एवढेच खरे नाही. बाबासाहेबांच्या हाताने रुजलेल्या तत्त्वाच्या मुळावर तो घाव घालतो. राज्यघटनेच्या ४२ व्या कलमानेही कामाची स्थिती न्याय्य व माणुसकीची असावी असे राज्यास सांगितले आहे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी वेतनावर काम करवून घेणे ही वेठबिगारीच होय, असा निर्णय दिला. वेठ कशाला म्हणतात, हे आमच्या वाडवडिलांना न्यायालयाने शिकविण्याची गरज नव्हती. पण वेठ नव्या कपड्यांत येते तेव्हा तिला ओळखण्याची गरज आम्हां सर्वांना आहे.

आमच्यापैकी काही मंडळी म्हणतात, हे सारे युनियनचे काम. धम्माचा याच्याशी काय संबंध? त्यांनी सिगालोवाद सुत्त पुन्हा ऐकावे. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी दिशांचा नवा अर्थ सांगितला. त्यात खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारे लोक. त्यांना शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्यांची शुश्रूषा करावी, गोडधोड त्यांच्याबरोबर वाटून खावे, वेळोवेळी त्यांना विश्रांती द्यावी, अशी मालकाची कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. आळवी येथे एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून भुकेला आला, तेव्हा तथागतांनी त्याला आधी जेवू घालावयास लावले व नंतर धम्म सांगितला, अशी कथा आहे. उपाशी व तहानलेल्या माणसापुढे प्रवचन करणे तथागतांना मान्य नव्हते. मग आपण कोण लागून गेलो?

आता जे बोलावयाचे ते कडू आहे. पण घरातल्यांनाच बोलावयाचे आहे. गावोगावी, वस्तीवस्तीत आज विहार उभे राहात आहेत. घरोघर वर्गणी जमते, स्त्रिया बचतीचे पैसे देतात. हे अभिमानास्पद आहे. परंतु विहाराचा स्लॅब ज्या दिवशी पडतो त्या दिवशी स्लॅब ओतणाऱ्या मजुरांना सावली असते काय, त्यांच्या बायकांना संडास असतो काय, त्यांची मजुरी संध्याकाळी हातावर पडते काय, हे किती समित्या पाहतात? ठेका दिला, आता ठेकेदार जाणे, असे म्हणून हात झटकणारी समिती त्या क्षणी इतर मालकांच्याच रांगेत जाऊन बसते. काम लहान असते, मजूर दहांहून कमी असतात, म्हणून कायदा लागू होत नाही, असेही सांगितले जाते. कायदा लागू होत नसेल. धम्म तर लागू होतो ना? पंचशील भिंतीवर रंगविण्यापूर्वी ती भिंत बांधणाऱ्याशी आपण कसे वागलो, यातच पंचशीलाची कसोटी आहे. तीच गोष्ट आमच्यातील पोटठेकेदारांची. कालपर्यंत ज्याने स्वतः घमेले वाहिले, त्याने आज मुकादमाची भाषा बोलावी, याहून मोठा पराभव कोणता?

म्हणून आम्ही काही निश्चित गोष्टी सुचवितो. प्रत्येक विहार समितीने, आमच्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने व गृहनिर्माण संस्थेने बांधकामाचा करार करताना त्यात लिहून घ्यावे की, मजुरांसाठी पिण्याचे वेगळे झाकलेले पाणी, स्त्री-पुरुषांसाठी वेगळे संडास, हात धुण्याचे पाणी, दुपारची सावली, मुलांसाठी सुरक्षित जागा व औषधाची पेटी पहिली वीट लागण्यापूर्वी असेल. आणि ती नसेल तर बिलाचा पहिला हप्ता मिळणार नाही. आमच्या ठेकेदार बांधवांनी हजेरीपट ठेवावा व मागेल त्या मजुराला त्याच्या दिवसांचा दाखला विनातक्रार द्यावा. शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक सकाळ नाक्यावर जाऊन मजुरांची नोंदणी करून द्यावी; त्यासाठी दलालाने पैसे उकळू नयेत यावर डोळा ठेवावा. मंडळाकडून भांड्यांचा संच वाटला जाणार असेल तर तो घ्यावा, तो मजुराच्याच पैशाचा आहे. परंतु भांडी मिळाली म्हणून संडासाचा प्रश्न विसरू नये, आणि ज्याच्या हातून ती वाटली गेली त्या पुढाऱ्याचे उपकार मानू नयेत. घर घेणाऱ्यांनी बांधकाम पाहावयास जावे तेव्हा नमुन्याचे घर पाहून परतू नये. मागच्या बाजूस जाऊन मजुरांच्या खोल्या पाहाव्यात व विक्रेत्याला त्याविषयी प्रश्न विचारावा. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला विक्रेता जितका घाबरतो तितका तो निरीक्षकालाही घाबरत नाही.

आणि या कामात केवळ आपल्याच माणसांची सोय पाहावयाची नाही. पिंपापाशी उभा असलेला बिहारी मजूर, आदिवासी बाई, मुसलमान गवंडी, सर्वांना तेच पाणी व तोच आडोसा मिळाला पाहिजे. जेथे एकाच मजुराला पाणी मिळते व दुसऱ्याला नाकारले जाते, तेथे गावकुसाबाहेरचा पाणवठा पुन्हा तयार होतो. तो बांधण्याचे पाप आमच्या हातून घडता कामा नये.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लाखो लोक माणूस म्हणून उभे राहिले. त्यानंतर ज्या ज्या कुटुंबाने दीक्षा घेतली, त्याने हेच जाहीर केले की आम्ही कोणाची मेहेरबानी मागणार नाही आणि कोणाला हीन लेखणार नाही. या जाहीरनाम्याचे दोन्ही भाग बांधकामाच्या जागेवर एकाच वेळी तपासले जातात. मजूर असाल तर सोय हक्काने मागा. काम घेणारे असाल तर ती मागण्यापूर्वी द्या.

जय भीम!